स्मृति आणि प्रमाण : एका विमानदल-सेविकेच्या आठवणी

दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासाचीं साधनें इतकीं विपुल आहेत कीं, पेशवे दफ्तरांतील रुमाल सोडून एखादा मितीचा कागद हातीं आला तर दिवस सार्थकीं लागला असें मानणाऱ्या आम्हां मंडळींस त्यांचा हेवाच वाटावा. परंतु विपुलता म्हणजे पूर्णता नव्हे. कोणत्याहि मोठ्या दफ्तरांत हुकूम देणारांचें बोलणें शिल्लक राहतें, हुकूम घेणारांचें राहत नाहीं. आणि हुकूम घेणारी स्त्री असली, शिवाय ती रणांगणावर नसून पिछाडीस एखाद्या विमानतळावर कानांस यंत्र लावून बसलेली असली, तर तिचें नांव फार तर हजेरीपटांत सांपडावयाचें. अशा एका स्त्रीनें स्वतः लिहिलेल्या आठवणींचें परीक्षण प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. पुस्तक नवें नाहीं. मेरी ली सेटल या अमेरिकन लेखिकेचें ‘ऑल द ब्रेव्ह प्रॉमिसेस’ हें पुस्तक १९६६ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु अशा ग्रंथास ‘प्रमाण’ म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न शिळा झालेला नाहीं; आपल्याकडील बखरींच्या जुन्या वादाशीं त्याचें सख्खें नातें आहे.

सेटलबाईंचा जन्म १९१८ सालीं वेस्ट व्हर्जिनिया संस्थानांतील चार्ल्सटन या गांवीं झाला. पुढें त्यांनीं आपल्या प्रांताच्या इतिहासावर पांच कादंबऱ्यांची माला लिहिली, १९७८ सालीं त्यांच्या ‘ब्लड टाय’ या कादंबरीस अमेरिकेचें राष्ट्रीय ग्रंथ-पारितोषिक मिळालें, आणि २००५ सालीं त्या वारल्या. म्हणजे लेखणी चालविण्याचा त्यांचा अधिकार निर्विवाद आहे. पण हा अधिकार संशोधकाच्या दृष्टीनें गुणाचा कीं दोषाचा, तें पुढें पाहूं. १९४२ सालीं, लहान मुलास आपल्या आईबापांच्या स्वाधीन करून, त्या समुद्र ओलांडून इंग्लंडास गेल्या व ब्रिटिश स्त्रियांच्या साहाय्यक विमानदलांत अगदीं खालच्या पायरीवर, द्वितीय वर्गाच्या सेविका म्हणून दाखल झाल्या. पुस्तकाच्या उपशीर्षकांत त्यांनीं आपला लष्करी क्रमांक, २१४६३९१, दिला आहे, आणि अर्पणपत्रिका सार्जंटच्या खालच्या सर्व सामान्य सैनिक स्त्रीपुरुषांस उद्देशून आहे. ग्रंथकर्त्रीचें नांव बाजूस सारून क्रमांक पुढें करण्याची ही रीति सहेतुक आहे, व पुस्तकाचा सगळा रोख तिच्यांत आला आहे.

ज्या दलांत त्या गेल्या त्याची थोडी माहिती येथें देणें अवश्य आहे. तें दल २८ जून १९३९ रोजीं स्थापन झालें. प्रारंभीं त्यांतील स्त्रिया कायद्याच्या दृष्टीनें नांव नोंदविलेल्या नागरिकच होत्या. एप्रिल १९४१ मध्यें निघालेल्या नियमांनीं त्यांस सशस्त्र दलांचा भाग मानण्यांत आलें. डिसेंबर १९४१ च्या राष्ट्रीय सेवेच्या दुसऱ्या कायद्यान्वयें वीस ते तीस वयाच्या अविवाहित व निःसंतान विधवा स्त्रियांवर सक्ति आली; मात्र तींत सैन्य, नागरी संरक्षण व कारखाने यांपैकीं निवड करण्याची मुभा होती, आणि लेखी संमतीवांचून कोणाहि स्त्रीच्या हातीं प्राणघातक शस्त्र द्यावयाचें नाहीं असें कलम होतें. १९४३ सालीं या विमानदलांतील स्त्रियांची संख्या १,८०,००० च्या वर गेली. पगार पुरुषांच्या सुमारें दोनतृतीयांश असे. विमानदलांत स्वखुशीनें आलेल्यांचा भरणा मोठा होता असें सांगण्यांत येतें, व तें खरेंहि आहे. परंतु कायदा दारांत उभा असतां मागील दारानें बाहेर पडून भलत्या कारखान्यांत जाण्यापेक्षां पसंतीच्या दलांत शिरणाऱ्या मुलीची खुशी किती व धाक किती, याचा हिशेब कोणत्याहि कोष्टकांत मिळावयाचा नाहीं.

मनुष्यबळाच्या ब्रिटिश सरकारी इतिहासांत, म्हणजे पार्कर यांच्या १९५७ च्या ग्रंथांत, या सर्व गोष्टींचे आंकडे आहेत. पार्कर यांचा ग्रंथ परिश्रमाचा आहे, त्यास कोणीं नांवें ठेवूं नयेत. पण त्यांत ‘मनुष्यबळ’ हें एक द्रव्य आहे. तें इकडून काढून तिकडे ओततां येतें. सेटलबाईंच्या पुस्तकांत तेंच द्रव्य थंडीनें कुडकुडतें, शिळ्या चरबीच्या वासानें कंटाळतें, शेजारणीची थट्टा करितें व रात्रीं पांघरुणाखालीं रडतें. पन्हळी पत्र्याच्या अर्धवर्तुळाकार झोपड्या, ज्यांस ‘बिस्किटें’ म्हणत त्या तीन तुकड्यांच्या गाद्या, सकाळीं त्या एकावर एक रचून ठेवण्याची सक्ति, रोगराईची तपासणी म्हणून सर्वांदेखत अंगावरील वस्त्रें उतरविण्याचा प्रसंग, या गोष्टी त्या दलांतील हजारों स्त्रियांनीं सोसल्या. दफ्तरांत त्यांपैकीं फक्त नियम नोंदले जातात. लाज व थंडी नोंदली जात नाहीं.

परंतु या पुस्तकाचें खरें मोल मला एका प्रकरणांत दिसतें, आणि म्हणून तेथें थोडें थांबावयाचें आहे. सेटलबाईंस काम मिळालें तें विमानतळाच्या नियंत्रण-कक्षांत, बिनतारी यंत्रावरून वैमानिकांशीं बोलण्याचें. वैमानिकाचा आवाज आकाशांतून येई. पण त्या आवाजावर शत्रूनें मुद्दाम सोडलेला गोंगाट पसरलेला असे. हा गोंगाट म्हणजे साधी खरखर नव्हे. दळणवळण बिघडविण्याकरितां बुद्धिपुरःसर निर्माण केलेला तो नाद, चढउतार होणारा, न थांबणारा, कानांतून डोक्यांत शिरणारा. त्यांतून आपल्या माणसाचा एक शब्द निवडून घ्यावयाचा, आणि तो चुकला तर वर कोणी तरी वाट चुकणार, हें मनांत वागवावयाचें. तासचे तास, रात्रीमागून रात्री, असें ऐकत राहिल्यावर यंत्र कानांवरून काढलें तरी नाद थांबेना. डॉक्टरांनीं त्यास संदेश-कामाचा धक्का या अर्थाचें नांव दिलें, व सुमारें तेरा महिन्यांच्या नोकरीनंतर बाईंस तें दल सोडून लंडनमध्यें अमेरिकेच्या युद्ध-माहिती कचेरींत लेखनाचें काम पत्करावें लागलें.

लढाईंत तोफेच्या धडाक्यानें भ्रमिष्ट झालेल्या शिपायाची कथा पहिल्या महायुद्धापासून सर्वांस ठाऊक आहे. पिछाडीस, सुरक्षित म्हणविल्या जाणाऱ्या खोलींत, खुर्चीवर बसून, एकहि गोळी न पाहतां युद्ध एखाद्या स्त्रीच्या कानावाटें शरीरांत शिरूं शकतें, ही गोष्ट मात्र या पुस्तकानें जितकी स्पष्ट केली तितकी दुसऱ्या ग्रंथानें केलेली माझ्या पाहण्यांत नाहीं. ‘आघाडी’ व ‘पिछाडी’ हे जे दोन कप्पे आपण सोयीकरितां पाडतों, त्यांमधील भिंत येथें पडते. कायद्यानें त्या स्त्रीच्या हातीं शस्त्र दिलें नव्हतें. शत्रूचें शस्त्र तिच्यापर्यंत पोंचण्यास त्यानें कांहीं अडथळा आला नाहीं.

दुसरा विशेष भाषेचा. इंग्लंडांत मनुष्यानें तोंड उघडलें कीं त्याचें कुळ, शाळा व बापाचा धंदा कळतो. आपल्याकडे आडनांवावरून जें काम होतें तें तिकडे उच्चारावरून होतें. सेटलबाईंचा उच्चार अमेरिकन. त्यामुळें झोपडींतील कामकरी वर्गाच्या मुलींस त्या ‘वरच्या’ वाटल्या, आणि अधिकारी स्त्रियांना त्या कोठें बसवाव्या हें उमगेना. एकाच दलांत अधिकाऱ्यांचें जेवणघर निराळें, सेविकांचें निराळें. रजेवर लंडनास गेल्यावर ज्या घरांत साध्या वेषांत स्वागत व्हावें त्याच घरच्या मंडळींनीं गणवेशाकडे पाहून थबकावें, असे प्रसंग त्यांनीं मार्मिकपणें टिपले आहेत. या वर्णनास उपहासाची धार आहे. पण उपरेपणामुळेंच त्यांस जें ऐकूं आलें तें तेथें जन्मलेल्या मुलीस ऐकूंहि आलें नसतें. माशास पाण्याची चव विचारून काय उपयोग?

आतां प्रमाणाचा प्रश्न. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेच्या १८९८ सालच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींची जी झडती घेतली, तिनें आमच्या पिढ्यांस अस्सल कागदाचें वेड लाविलें, आणि तें वेड हितकारकच ठरलें. त्या कसास हें पुस्तक लाविलें तर तें उतरावयाचें नाहीं. घटना १९४२-४३ मधील, लेखन १९६६ चें; मधें सुमारें तेवीस वर्षें. ही तारीखवार लिहिलेली दैनंदिनी नव्हे. प्रसंगांत माणसें लांबलांब वाक्यें बोलतात, आणि तीं वाक्यें इतक्या वर्षांनीं जशींच्या तशीं आठवलीं हें मानणें कठीण आहे. येथें कादंबरीकर्त्रीचा हात दिसतो. जी लेखणी पात्रांच्या तोंडीं शोभतील असे शब्द घालण्यांत मुरलेली आहे, तिनें स्वतःच्या आठवणींतील माणसांस मुकें ठेविलें असेल असें समजणें भाबडेपणाचें होईल. शिवाय लेखनाचा काळहि लक्षांत घेतला पाहिजे. १९६६ सालीं अमेरिका व्हिएटनामच्या युद्धांत खोल उतरली होती. युद्धाच्या गोड वचनांविषयींचा जो कडवटपणा ग्रंथाच्या नांवापासूनच जाणवतो, त्यांत १९४३ चा अंश किती व १९६६ चा किती, हें तोलून घ्यावें लागतें.

नैयायिकांनीं हा विषय शतकांपूर्वीं हाताळला आहे. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह शिकणाऱ्या विद्यार्थ्यासहि ठाऊक असतें कीं, ज्ञानाचे स्मृति व अनुभव असे दोन भाग पडतात, आणि प्रमा म्हणजे यथार्थ अनुभव. स्मृतीस तेथें स्थान नाहीं. यावरून कोणी म्हणेल कीं आठवणींचें पुस्तक प्रमाणकोटींतून आपोआपच गळालें. परंतु त्याच शास्त्रांत स्मृतीचेहि यथार्थ व अयथार्थ असे भेद केले आहेत, व तिची यथार्थता ज्या अनुभवापासून ती उपजली त्याच्या यथार्थतेवर अवलंबून ठेविली आहे. म्हणजे प्रश्न ‘स्मृति आहे, सबब टाका’ असा नसून, ‘मागील अनुभव कोणता, व संस्कार किती दृढ’ असा आहे. या दृष्टीनें पाहतां पुस्तकांतील सर्व मजकूर एका तोलाचा ठरत नाहीं. संभाषणें दुबळीं, व्यक्तींचीं चित्रें मध्यम, कानांतील नाद मात्र बळकट. जो आवाज विसरण्याचा प्रयत्न करूनहि विसरतां आला नाहीं, त्याच्या आठवणीवर लेखणीची करामत फारशी चालत नाहीं. आणि न्यायसभेंत साक्षीदार तरी दुसरें काय देतो? त्यानें पाहिलेलें कालचें असो कीं दहा वर्षांपूर्वींचें, तो स्मृतीच सांगतो.

आपल्याकडे याचें उत्तम उदाहरण वरसईच्या विष्णुभट गोडशांचें आहे. १८५७ च्या धामधुमींत उत्तरेकडे सांपडलेल्या या भिक्षुकानें झांशीचा वेढा प्रत्यक्ष पाहिला, आणि ‘माझा प्रवास’ लिहिला तो सुमारें पंचवीस वर्षांनीं. चिंतामणराव वैद्यांनीं तो छापविला १९०७ सालीं. गोडशांच्या मित्या व आंकडे सगळेच टिकत नाहींत. तरी वेढ्यांतील सामान्य माणसाची भीति, तहान व लूट यांकरितां मराठी वाचक आजहि त्यांच्याकडेच जातो, सेनापतींच्या खलित्यांकडे नव्हे. भटजींस जो न्याय, तोच सेटलबाईंस लाविला पाहिजे. भेद इतकाच कीं, भटजींस ग्रंथकर्तृत्वाचा सराव नव्हता, त्यामुळें ते आपल्यास फसवूं शकत नाहींत. बाईंस तो होता, म्हणून वाचकानें अधिक जागें राहावें.

याहून गंभीर आक्षेप प्रातिनिधिकत्वाचा आहे, व तो मला अनेक स्तुतिपर परीक्षणांत दिसला नाहीं. एक शीत चांचपून भात शिजला कीं नाहीं तें ओळखण्याचा स्थालीपुलाकन्याय येथें लागू करणारांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, हें शीत दुसऱ्याच भांड्यांतून आलेलें आहे. सेटलबाई परदेशी, शिकलेल्या, रंगभूमीचा अनुभव घेतलेल्या, विवाहित, लंडनांत ओळखीपाळखी असलेल्या. त्यांस बाहेर पडण्यास दार होतें, आणि तें त्यांनीं उघडलें. ज्या गिरणीकामगाराच्या मुलीस तें दार नव्हतें, तिनें त्याच गाद्या १९४५ पर्यंत रचल्या. तिला झोपडीतलें अन्न घरच्यापेक्षां बरें वाटलें असेल, नव्या जोड्यांचा आनंद झाला असेल; किंवा आयुष्यांत प्रथमच बापाच्या परवानगीवांचून संध्याकाळ घालवितां आली हेंच तिच्या लेखीं युद्ध असेल. सेटलबाईंस जें अधःपतन वाटलें तें तिला वर चढणें वाटलें नसेल कशावरून? लेखिका तिच्याविषयीं जिव्हाळ्यानें लिहिते, पण ती मुलगी या पुस्तकांत बोलते ती लेखिकेच्या तोंडानें.

हें उणें भरून काढण्यास सुदैवानें अन्य साधनें आहेत. १९३७ सालीं स्थापन झालेल्या मास-ऑब्झर्व्हेशन या संस्थेनें सामान्य ब्रिटिश माणसांकडून त्याच वेळीं दैनंदिन्या व टिपणें लिहवून घेतलीं. तीं ससेक्स विद्यापीठांत जतन केलेलीं आहेत. त्यांत घटनेच्या रात्रीं लिहिलेला मजकूर आहे, व म्हणून राजवाड्यांच्या कसासहि तो उतरेल. पेनी समरफील्ड या विदुषीनें ४२ स्त्रियांच्या तोंडीं सांगितलेल्या आठवणी घेऊन १९९८ सालीं जें पुस्तक लिहिलें त्यांत तिनें दाखविलें आहे कीं, युद्धानंतर समाजांत ज्या कथा रूढ होतात त्यांच्या सांच्यांत व्यक्तीची आठवणहि हळूहळू बसते. कांहीं स्त्रिया आपली कथा वीरश्रीची म्हणून सांगतात, कांहीं ‘करावें लागलें, केलें’ अशा सोसण्याच्या सुरांत. हा सिद्धांत मला बहुतेक मान्य आहे. पण सगळेंच सांच्यांत बसतें असें धरलें तर साक्षीदारास उलट तपासणीपूर्वींच खोटा ठरविल्यासारखें होईल. सेटलबाईंची कथा या दोन्ही सुरांत नीट बसत नाहीं, आणि हें तिच्या बाजूचें एक चांगलें गमक आहे.

स्त्रियांच्या साक्षीविषयीं आपल्या स्मृतिकारांचें मत प्रसिद्धच आहे. त्यांची बुद्धि स्थिर नसते असें कारण देऊन मनूनें त्यांची साक्ष गौण मानिली. तरी स्त्रियांच्या प्रकरणांत स्त्रियांनींच साक्ष द्यावी असेंहि त्यानेंच सांगितलें आहे. पहिलें वचन सोडून द्यावें आणि दुसरें येथें उपयोगास आणावें, इतकी मोकळीक शास्त्र शिकलेल्यानें घ्यावयास हरकत नाहीं. कारण पुरुषांनीं दिलेल्या साक्षीचा मासला १९४२ सालीं इंग्लंडांतच पाहण्यास मिळाला. गणवेशांतील स्त्रियांच्या चारित्र्याविषयीं इतक्या अफवा उठल्या कीं, व्हायोलेट मार्कहॅम यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-समिति नेमावी लागली. समितीनें त्या अफवांस आधार नाहीं असा निर्वाळा दिला. लोकापवादाचें दफ्तर असें भरतें, व पुढें कोणी संशोधक तें उघडून ‘समकालीन पुरावा’ म्हणून पुढें ठेवील. समकालीन असूनहि खोटा, आणि उत्तरकालीन असूनहि खरा, असे दोन्ही प्रकारचे पुरावे संभवतात, हें अस्सल कागदाच्या भक्तांनींहि मान्य केलें पाहिजे.

या ग्रंथाची सटीप आवृत्ति कोणी काढील तर बरें होईल. ब्रिटिश विमानदलाच्या प्रत्येक ठाण्याची रोजकीर्द ‘फॉर्म ५४०’ या नांवाच्या पत्रकांत लिहिली जाई, आणि अशा ठाण्यांचे ग्रंथ लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दफ्तरांत अभ्यासकांस पाहतां येतात. लेखिकेच्या प्रसंगांशीं ती कीर्द ताडून पाहिली तर कोठें स्मृति घसरली व कोठें कारकुनानें हात आखडला, तें दोन्ही एकदम कळेल. अशी तुलना झाल्यावांचून पुस्तकास ‘इतिहास’ म्हणूं नये. पण ती होईपर्यंत त्यास कादंबऱ्यांच्या कपाटांतहि टाकूं नये.

येथें आपल्या घरच्या एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. हिंदुस्थानांतहि १९४२ सालीं स्त्रियांचें साहाय्यक सैन्यदल निघालें. त्यांत युरोपियन व अँग्लो-इंडियन स्त्रियांबरोबर हिंदी स्त्रियाहि दाखल झाल्या, आणि १९४४ मध्यें त्यांतूनच आरमाराकडील शाखा आकारास आली. त्या शाखेच्या कल्याणी सेन या अधिकारी स्त्रीनें १९४५ सालीं इंग्लंडास भेट दिली. त्या भेटीचीं छायाचित्रें लंडनच्या युद्ध-संग्रहालयांत आहेत. गणवेश म्हणून साडी नेसलेली ती स्त्री चित्रांत स्पष्ट दिसते. पण पुन्हां तीहि अधिकारीच. टंकलेखन करणारी, टेलिफोनच्या फळ्यावर बसणारी, गुप्तलिपीचे आंकडे जुळविणारी, मुंबई बंदरांत किंवा पुण्यास दक्षिण कमानीच्या कचेऱ्यांत पायीं जाणारी जी सेविका, तिचें पुस्तक मराठींत हवें होतें. त्या वेळीं वीस वर्षांची असलेली स्त्री आज शंभरीस पोंचलेली वा ती ओलांडलेली असणार. तेव्हां यापुढें आपल्या हातीं यावयाची ती बहुधा लेकीसुनांनीं ऐकलेली हकीकत, म्हणजे स्मृतीची स्मृति. ज्यांच्या घरीं अशा नोकरीचा दाखला, बदलीचा हुकूम, गणवेशांतील चित्र वा पत्र असेल, त्यांनीं तें मंडळाकडे नकलेसाठीं पाठवावें; आणि सोबत टिपण लिहितांना आईनें सांगितलेलें एका कागदावर व त्यावरून आपणांस जें वाटतें तें दुसऱ्या कागदावर, असें निरनिराळें लिहावें.